बाहेर पडण्याची किंमत

टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तो काळ अनेक वाचकांना आठवत असेल. तेव्हा अडचण होती ती प्रवेशाची. आज घरात इंटरनेटची तार दोन दिवसांत येते. जोडणी फुकट, राउटर फुकट, पहिला महिना फुकट, अशी आमंत्रणे जिन्याच्या भिंतीवर चिकटविलेली असतात. अडचण आता बाहेर पडण्याची झाली आहे.

समजा, नाशिकच्या एका शिक्षकाने १२ महिन्यांची योजना घेतली. मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या आणि सेवा आठवड्यातून दोनदा बंद पडू लागली. नऊ महिने सोसून त्याने दुसऱ्या कंपनीकडे जायचे ठरविले, तेव्हा त्याला प्रथमच कळले की राउटर फुकट नव्हता, जोडणीही फुकट नव्हती आणि मुदतीपूर्वी सेवा सोडल्याबद्दल २,५०० रुपये त्याच्याकडून येणे आहेत. अनामत रक्कम त्यातच वळती झाली. करारात हे कलम होते काय? होते, कंपनीच्या संकेतस्थळावर, बऱ्याच खोल आणि इंग्रजीत. पैसे भरून घेताना घरी आलेल्या प्रतिनिधीने ते वाचून दाखविले नाही, इतकेच.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. तार ओढण्यास आणि राउटर देण्यास खर्च येतो, तो दरमहाच्या आकारातून हळूहळू वसूल व्हावा अशी तिची अपेक्षा असते. एकरकमी पैसे देणे ज्यांना जड जाते, त्यांना ही सोय उपकारकच आहे. पण मग हिशेब सरळ असावा. २,५०० रुपयांचा खर्च १२ महिन्यांत वसूल व्हायचा असेल, तर नऊ महिन्यांनंतर बाकी राहतात ६२५ रुपये. त्रैराशिकाचा हा प्रश्न सातवीचा विद्यार्थीही सोडवील. उरलेले १,८७५ रुपये कशाचे? ती खर्चाची भरपाई नव्हे, तो दंड आहे. आणि त्याचा उपयोग ग्राहकाला कुंपणाच्या आत ठेवण्यासाठी होतो.

हा दंड केवळ सोडून जाणाऱ्याला भोवतो असे मानणे चुकीचे ठरेल. ग्राहक निघून जाणे हीच विक्रेत्याला सुधारणेची सूचना असते, हे अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. निघून जाणेच महाग केले, तर ती सूचना कंपनीच्या कानी पोहोचत नाही आणि निमूटपणे राहिलेल्या शेजाऱ्यांनाही तीच रडतखडत चालणारी सेवा मिळत राहते. एका गल्लीत चार कंपन्यांच्या तारा लोंबकळत असल्या, तरी ती स्पर्धा खांबांवरचीच!

कायदा या बाबतीत मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, फार तर त्या रकमेइतकी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर नुकसानीच्या प्रमाणाबाहेर दंड लादणाऱ्या कराराला 'अन्याय्य करार' ठरविले. पण गंमत अशी की, सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते, करारच अन्याय्य असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पावणेदोन-दोन हजार रुपयांसाठी कोणता कारकून रजा काढून तेथवर जाईल? दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. त्याने घालून दिलेल्या व्यवस्थेत पहिली तक्रारही कंपनीकडे आणि त्यावरचे अपीलही कंपनीनेच नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे.

वास्तविक याच देशात बाहेरचे दार उघडण्याचे काम पूर्वी झालेले आहे. २०११ पासून मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना मनाई केली. लाखो रुपयांच्या कर्जातून विनादंड बाहेर पडता येते आणि सातशे रुपयांच्या इंटरनेटमधून नाही, याचे समर्थन कसे करणार? ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून घरच्या इंटरनेटची कंपनी बदलताना ग्राहकाला जुन्या कंपनीशी बोलावेही लागत नाही. नवी कंपनीच सर्व पार पाडते. मुदतपूर्व आकार तेथेही आहेत, पण ते किती होतील हे बदलापूर्वीच ग्राहकाला कळवावे लागते.

येथेही तेवढे करता येईल. सोडून जाण्याचा आकार प्रत्येक महिन्यागणिक घटता असावा आणि त्याचा तक्ता पहिल्या पावतीवरच, ग्राहकाच्या भाषेत, रुपयांत छापलेला असावा, असा निर्देश देण्याचा अधिकार नियामकाला १९९७ च्या कायद्याने आहेच. कंपन्या म्हणतील, मग जोडणी फुकट देणे परवडणार नाही. न परवडो, किंमत आधी कळलेली बरी.

तोवर त्या शिक्षकाने पैसे भरण्यापूर्वी २,५०० रुपयांचा तपशील लेखी मागावा, सेवा बंद पडल्याच्या तारखा मांडून ठेवाव्यात आणि राउटर परत देताना पोच घेतल्याखेरीज तो हातावेगळा करू नये.