मावशीचा काढा आणि माझी ब्रँच

आपल्या हॉस्टेलच्या गेटपाशी सदाफुलीची झुडपं आहेत. कुणी पाणी घालत नाही तरी जगतात, अगदी आपल्यासारखी! मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा माझी मावशी हीच पानं उकळून सकाळ-संध्याकाळ पीत होती. ब्रेस्ट कॅन्सर. केमोच्या आठपैकी चार सायकल झालेल्या, उरलेल्या चार तिने परस्पर बंद केलेल्या. का, तर "अगं, ते केमिकल. हे नॅचरल!"

मी थर्ड इयर केमिकलची. आमच्या ब्रँचचं नाव शिवीसारखं वापरलं की माझं डोकंच फिरतं.

बरं, मावशीचं सगळंच चूक असतं तर वाद सोपा होता. सदाफुलीतून कॅन्सरचं औषध खरंच निघतं. १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बिअर हे दोघं, ही पानं डायबेटिसवर चालतात का ते बघत होते. उंदरांची शुगर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून विनब्लास्टिन मिळालं. याच झाडातलं विनक्रिस्टिन मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही देतात.

मग काढा का नको? कारण एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. मावशीच्या दहा पानांत किती आलं, करा हिशोब! शिवाय पानात आणखी शंभराच्या वर अल्कलॉइड्स. ती कुठल्या मापाने पोटात जातात, देव जाणे. विनक्रिस्टिन तर शिरेतूनच द्यायचं असतं, चुकून मणक्यात गेलं तर माणूस दगावतो. इतकं जपून वापरायचं औषध आपण चहासारखं उकळणार?

रात्री तिची फाइल चाळली आणि हसू की रडू कळेना. उरलेल्या चार सायकल पॅक्लिटॅक्सेलच्या. म्हणजे पॅसिफिक यू या अमेरिकन झाडाच्या सालीत सापडलेलं औषध! शोधणारे दोघं, मनरो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी आपल्या नंदुरबारचे. साल सोलली की झाड मरतं, म्हणून पुढे दुसऱ्या यूच्या पानांतून आणि नंतर टाक्यांत वनस्पतीच्या पेशी वाढवून ते बनवायला लागले. हे काम कुणाचं? 'केमिकल'वाल्यांचंच की!

याच दोघांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही असतं, आणि त्यासाठी नरक्या चोरून तोडला जातो. नॅचरलच्या नावाखाली जंगल साफ! (बी.ई. प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी वाचून ठेवा.)

काढा देणाऱ्यावर माझा राग आहेच, पण दवाखान्यावरही आहे. "हे औषध झाडाच्या सालीतून आलंय" एवढं एक वाक्य मराठीत मावशीला कुणी सांगितलं असतं तर ती घरी बसली नसती. मी सांगितलं, तर आधी म्हणाली, "तू कॉन्व्हेंटची, तुला काय कळतंय झाडपाल्यातलं!"

जानेवारीत गेली परत. मधले दोन महिने गेले ते गेलेच. सदाफुली अजून कुंडीत आहे, फुलं देवाला वाहते.