थांब्यापाशी सायकल हवी

आज ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ साली या दिवसाला मान्यता दिली, आणि तेव्हापासून पुण्यासारख्या शहरांत या दिवशी सकाळी सायकल फेऱ्या निघू लागल्या. त्या काढणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन येणारे, पंढरपूरपर्यंत सायकलने जाणारे लोक या शहरात आहेत, आणि कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयही उभे केले आहे. पण व्यायामाची सायकल आणि कामाला जायची सायकल यांत अंतर पडले आहे. रविवारी सकाळी चाळीस किलोमीटर जाणारा माणूस सोमवारी घरापासून तीन किलोमीटरवरच्या कचेरीत स्कूटरने जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोमवारचा रस्ता त्याच्यासाठी केलेलाच नाही. आजच्या दिवशी चर्चा करायची तर ती त्या सोमवारची करावी.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य ऐकून आता कान किटले आहेत. त्या काळाची एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली जात नाही. तेव्हा प्रत्येकाकडे स्वतःची सायकल होती असे मुळीच नाही. चौकाचौकांत भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. तासावर दर, वहीत नाव आणि वेळ, ओळखीचा असेल तर अनामत नाही. सायकल परत आली की दुकानदार चाक उचलून फिरवून बघे, टायर अंगठ्याने दाबे, चेनला तेल घाली आणि मगच ती पुढच्या माणसाला देई. मुले याच सायकलींवर शिकली, पाहुणे याच सायकलींवर शहर फिरले. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांतही एसटी स्टँडच्या आसपास असे एखादे दुकान असायचेच. एसटीतून उतरायचे, सायकल घ्यायची, आतल्या वाडीवर जाऊन काम उरकायचे आणि शेवटच्या गाडीच्या आत ती परत करायची. बस आणि सायकल यांची ही जोडी कुठल्याही आराखड्यात नव्हती, लोकांनी आपल्या गरजेतून ती जमवली होती. त्या सायकलीला मालक होता, आणि तो चार पावलांवर बसलेला असे.

डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि विद्यापीठाच्या आवारात ‘सार्वजनिक सायकल’ योजना सुरू झाली, तेव्हा नेमका हा मालकच हरवला. मोबाइलवर कुलूप उघडायचे, हवे तिथे जायचे आणि हवी तिथे सायकल सोडून द्यायची, अशी ती रीत होती. वर्षभरात अनेक कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली पदपथांवर उभ्या राहिल्या, भाडे नाममात्र होते. कॉलेजच्या मुलामुलींनी त्या मनापासून चालवल्या. मग सीट काढलेल्या, कुलपे तोडलेल्या सायकली दिसू लागल्या. परदेशी गुंतवणुकीवर चाललेल्या एका कंपनीने २०१८ मध्येच भारतातला गाशा गुंडाळला, बाकीच्याही हळूहळू गेल्या. शहराने यातून एक निष्कर्ष काढून ठेवला: पुणेकरांना सार्वजनिक वस्तू सांभाळता येत नाही.

हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. बसच्या सीट फाडणारे लोकही आहेत, म्हणून कोणी बस बंद करा म्हणत नाही. बस डेपोत जाते, धुतली जाते, दुरुस्त होते आणि सकाळी पुन्हा रस्त्यावर येते, कारण ते काम कोणाचे आहे हे ठरलेले असते. पदपथावर पडलेली सायकल कोणाची होती? महापालिका म्हणे कंपनीची, कंपनीचा माणूस शहरात शोधून सापडत नसे आणि शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीचा तर या सगळ्याशी संबंधच ठेवला नव्हता. सायकल बसथांब्यावर मिळावी, असा विचारही त्या मांडणीत नव्हता. जिथे शेवटच्या माणसाने सोडली तिथे ती मिळणार. उद्या सकाळी आठ वाजता आपल्या कोपऱ्यावर सायकल असेल की नाही याची खात्री नसेल, तर नोकरदार माणूस तिच्यावर विसंबेलच कसा?

पुण्यात योजना आली त्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, मैसूरने वेगळी वाट धरली होती. तिथली ‘ट्रिन ट्रिन’ ही योजना महापालिकेची. पैसा जागतिक पर्यावरण निधीचा आणि सरकारचा. सुमारे साडेचारशे सायकली आणि ४८ ठरलेली ठाणी. सायकल ठाण्यावरून घ्यायची आणि ठाण्यावरच कुलपात अडकवायची, हाती एक कार्ड. पुढे तिथल्याही सायकली झिजल्या, तक्रारी आल्या. पण तक्रार कोणाच्या दारात घेऊन जायची हे मैसूरकरांना ठाऊक होते, म्हणून पुण्यातली योजना विसरली गेली त्यानंतरही तिथली बराच काळ टिकली. चीनमधल्या हांगझाऊ शहराने तर २००८ मध्ये ही सेवा थेट शहर बस कंपनीकडेच दिली. बसचे कार्ड तेच सायकलचे, पहिला तास फुकट. बसमधून उतरलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवणे हे बस कंपनीचेच काम आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल सेवांपैकी एक झाली.

पुण्याला नेमकी हीच समजूत हवी आहे. सार्वजनिक सायकल हे बसचे अंग आहे. ती पीएमपीने चालवावी, थांब्यापाशी ठेवावी आणि पासात द्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यामागे साधे गणित आहे. बसथांब्यापर्यंत माणूस खुशीने पाचशे मीटर चालतो. उन्हात, पिशव्या घेऊन, तुटक्या पदपथावरून तेवढेही नकोसे होते. सायकल असेल तर तो दोन किलोमीटर सहज येतो, आठ-दहा मिनिटांत. अंतर चौपट झाले की त्या थांब्याच्या कवेत येणारा परिसर सोळापट होतो. एकही नवी बस न घेता, एकही रस्ता रुंद न करता एका थांब्याला सोळापट मुलूख मिळतो. आपल्या शहरात उड्डाणपुलांवर जो पैसा खर्च होतो, त्यातल्या कुठल्या कामातून इतका लाभ मिळाल्याचे दाखवता येईल?

याचा दुसरा फायदा आणखी मोठा आहे, आणि त्याकडे लक्षच गेलेले नाही. आज पीएमपीचे तीनशेहून अधिक मार्ग आहेत. प्रत्येक नगरसेवकाला, प्रत्येक सोसायटीला आपल्या दारात बस हवी असते, म्हणून बस गल्ल्यांतून वळसे घेत जाते. मार्ग वाढतात, गाड्या तेवढ्याच राहतात आणि एकेका मार्गावर पाऊण तासाने एक गाडी येते. पाऊण तासाने येणाऱ्या बसची वाट कोणी बघत नाही, लोक कर्ज काढून दुचाकी घेतात. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकले, त्याची मुळे या थांब्यांवरच्या ताटकळण्यात आहेत. आतल्या गल्ल्यांचे काम सायकलीने उचलले, तर बस मुख्य रस्त्यावरून सरळ धावू शकेल. सिंहगड रस्ता, कर्वे रस्ता, पौड रस्ता, सातारा रस्ता, सोलापूर रस्ता. मार्ग थोडे, पण दर पाच मिनिटांनी गाडी. धायरीच्या आतल्या भागातून सायकलने मुख्य रस्त्यावर यायचे, तिथे ती लावायची, बसने स्वारगेट गाठायचे आणि तिथून पेठेतल्या दुकानापर्यंत दुसरी सायकल घ्यायची. पेठा, डेक्कन, कॅम्प, शिवाजीनगर हा शहराचा गाभा किती आटोपशीर आहे, हे वाहतूक कोंडीत अडकल्यामुळे आपण विसरलो आहोत. स्वारगेट ते शिवाजीनगर जेमतेम पाच किलोमीटर आहे. सप्टेंबर २०२४ पासून या टप्प्यात जमिनीखालून मेट्रोही धावते. तिच्या स्थानकांबाहेर पडणाऱ्या माणसापुढचा प्रश्नही हाच असतो: आता पुढचे दीड किलोमीटर कसे जायचे?

बस कमी पडतात हे खरेच आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषांप्रमाणे चांगल्या सेवेसाठी हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे साठ बस हव्यात. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालची गावे मिळून पीएमपीकडे आजवर राहिल्या त्या दोन हजारांच्या आसपास. सायकल हा बसला पर्याय नाही, आणि सायकली आणल्या म्हणून बस खरेदी लांबवली तर तो लोकांवर अन्याय होईल. १ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यात ‘बस डे’ साजरा झाला, तेव्हा एका दिवसापुरत्या जास्त गाड्या रस्त्यावर आणल्या गेल्या आणि लोक त्यांत बसले. गाडी आली तर पुणेकर बसतो, याचा पुरावा त्या दिवशी मिळाला.

आता तिकिटाचे. १ जून २०२५ पासून पीएमपीचे दर वाढले, मासिक पास ९०० रुपयांवरून १५०० रुपये झाला. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना, दुकानात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही वाढ जाणवली आहे. त्या पासात सायकलचा पहिला अर्धा तास मिळालाच पाहिजे, वेगळे शुल्क न लावता. पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका ६० आणि ४० टक्के अशा वाट्याने भरतात. सायकलींचा खर्च याच हिशेबात धरावा. सायकलने नफा कमवावा अशी अट घातली, की आपण पुन्हा २०१७ च्या वाटेवर आलो.

आणि कृपा करून ती फक्त मोबाइलवाल्यांसाठी नसावी. आज पुण्यात कामासाठी सायकल चालवतो तो रखवालदार, माळी, पेपर टाकणारा, बांधकामावरचा मजूर. सिमेंटच्या डबल डेकर पुलाखालून, भरधाव मोटारींच्या कडेने, दिवा नसलेल्या सायकलीवर तो रात्री बारा वाजता घरी जातो. शहरातल्या सायकलींबद्दल एवढ्या बैठका झाल्या, त्यांत त्याला कोणी बोलावले नाही. पीएमपीच्या पास केंद्रावर रोख पैसे देऊन, आधार कार्ड दाखवून त्यालाही सायकल मिळाली पाहिजे. बायकांच्या गरजाही वेगळ्या आहेत. मुलाला शाळेत सोडणे, भाजी, बँक, मग काम, असा त्यांचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. त्यांना साडी किंवा सलवार-कमीज घालून बसता येईल अशी खाली झुकलेली दांडी, पुढे टोपली आणि थांब्यावर संध्याकाळी लख्ख उजेड हवा.

रस्त्याशिवाय मात्र यातले काहीही शक्य नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्येच एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटर सायकल मार्ग आखले आहेत. सातारा रस्त्यावर, गणेशखिंड रस्त्यावर त्याच्याही आधी मार्ग बांधले गेले होते. ज्याने ते वापरून पाहिले त्याला ठाऊक आहे, की मार्ग पन्नास पावलांवर डीपी बॉक्सपाशी संपतो, पुढे टपरी, पुढे लावलेल्या गाड्या, आणि चौक आला की तो नाहीसाच होतो. सायकलस्वाराला सर्वांत जास्त धोका चौकात असतो, आणि तिथेच त्याला वाऱ्यावर सोडले जाते. आठशे किलोमीटरची वाट बघत बसण्यापेक्षा थांब्यांपासून दोन किलोमीटरच्या आतले रस्ते आधी नीट करावेत. गल्ल्यांत वेगळा मार्गही लागत नाही. वाहनांचा वेग ताशी वीस-पंचवीसपर्यंत खाली आणला, चौकात उंचवटे केले आणि पदपथावरच्या गाड्या खरोखर उचलल्या, तरी पुष्कळ होईल.

पावसाचा आक्षेप येईल. मृग चार दिवसांवर आला आहे, तेव्हा तो रास्तच आहे. पण पुण्याचा पाऊस मुंबईसारखा दिवसभर कोसळत नाही, आणि भर पावसात बस आहेच. जोडी करायची ती यासाठीच. चढावाचे म्हणाल तर कात्रज, पाषाण, वारजे इथे बॅटरीच्या सायकली द्याव्या लागतील. पेठांत आणि नदीकाठच्या भागांत साध्या चालतात.

सुरुवात एका रस्त्यापासून करता येईल. सिंहगड रस्त्यावर स्वारगेट ते धायरी फाटा हा पट्टा घ्यावा. थांब्याला लागून, पदपथावरची नव्हे तर मोटारींच्या पार्किंगची जागा घेऊन, वीस-वीस सायकलींची ठाणी बांधावीत. दोन मोटारी उभ्या राहतात तेवढ्या जागेत वीस सायकली मावतात. शाळा-कॉलेजे सुरू होताना पास केंद्रांवर रांगा लागतात, त्याच वेळी पासासोबत सायकलची नोंदणी करून घ्यावी. आणि देखभालीसाठी कुठल्या लांबच्या कंपनीला निविदा देऊ नये. या रस्त्यावर आजही पंक्चर काढणारे, आरे सरळ करणारे, ब्रेकचे रबर बदलणारे कारागीर बसतात. दुचाकींच्या गर्दीत त्यांचा सायकलीचा धंदा आटला आहे, हात मात्र अजून तयार आहेत. एकेका ठाण्याची जबाबदारी त्यांच्यातल्या एकेकाला द्यावी, दरमहा ठरलेले मानधन द्यावे, आणि ठाण्याच्या पाटीवर थांब्याच्या नावाखाली त्याचे नाव आणि फोन नंबर रंगवावा.