कुलूपबंद घराच्या ओट्यावरची मनी



मृगाचा पहिला पाऊस पडला की राजापूर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून मुंबईकर परतू लागतात. मुलांच्या शाळा उघडायच्या असतात, कामावरची रजा संपलेली असते. आंब्याच्या पेट्या बांधल्या जातात, फणस पोत्यात भरले जातात, कौलांवरून एकदा नजर फिरवली जाते आणि दाराला कुलूप लागते. मंडळी एस.टी. किंवा कोकण रेल्वे धरून निघून जातात. मागे बंद घराच्या ओट्यावर एक मांजर बसून राहते.

हे मांजर आले कुठून? मे महिन्यात मुलांना ते लाकडांच्या ढिगाआड सापडलेले असते. महिनाभर त्याला दूध मिळते, बांगड्याचा काटा मिळतो, मनी असे नावही मिळते. मुले त्याला उशाशी घेऊन झोपतात. जाण्याच्या दिवशी मुले रडतात, तेव्हा आई म्हणते, "रडू नको रे, आजी बघेल तिच्याकडे." खरोखरच आजी बघते. पण बघण्यासाठी काय लागते, हे त्या गडबडीत आजीला कोणी विचारत नाही. आज आम्हाला बोलायचे आहे ते याबद्दल.

मांजर पाळणे ही एका महिन्याची गोष्ट नव्हे. नीट सांभाळलेले मांजर दहा-पंधरा वर्षे जगते. आपल्या मुलाने पाचवीत असताना उचलून आणलेले पिल्लू तो कामाला लागेपर्यंत घरात असू शकते. हा हिशोब आधी करावा आणि मगच पिल्लू उचलावे.

मुळात प्रत्येक पिल्लू टाकलेले असते असेही नाही. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडा, पण भाटी पिल्लांची जागा बदलत राहते हे खरे. एक पिल्लू नेऊन ठेवते आणि दुसऱ्यासाठी परत येते. म्हणून एकटे पिल्लू दिसले की लगेच हात लावू नये. पाऊस, कुत्री किंवा रस्ता यांचा धोका नसेल तर दोन-चार तास दुरून लक्ष ठेवावे. आई आली तर तिच्याइतके चांगले सांभाळणारे दुसरे कोणी नाही.

आई आलीच नाही तर मात्र काम कठीण आहे. पिल्लाचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. डोळे न उघडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग अन्न. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध घातले तर ते पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळावी आणि पिल्लाच्या शेजारी ठेवावी. दूध पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये, नाही तर दूध फुप्फुसात जाते. ते पोटावर असावे, मान किंचित वर असावी. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना हगवण लागते. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध-पावडर मिळते. ती हाताशी नसेल तर पशुवैद्याला विचारून मग पाजावे. वाडीत दुसरी एखादी व्यालेली मांजर असेल आणि तिने पिल्लू स्वीकारले तर फारच उत्तम. दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसावे, कारण इतक्या लहान पिल्लाला आपले आपण शी-शू करता येत नाही. त्याची आई हे काम जिभेने करत असते.

चौथ्या आठवड्यानंतर उकडलेला, काटे काढलेला मासा कुस्करून द्यायला सुरुवात करावी. निव्वळ दूधभातावर मांजर धड राहत नाही. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य त्याला लागतेच. ते कमी पडले तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. यासाठी महागडा खाऊ विकत घेण्याची गरज नाही. बाजारात मासळीवालीकडे माशांची डोकी उरतात, ती उकडून काटे काढून द्यावीत. कोंबडीचे उकडलेले मांस, कलेजी थोडी थोडी द्यावी. मात्र कांदा-लसणाचे कालवण भातावर ओतून देऊ नये. कांदा-लसूण मांजराला विषासारखे असतात. खारवलेली सुकी मासळीही नको. आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी. मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीने मांजर दगावू शकते.

आता थोडे समजुतींविषयी. मांजर आडवे गेले म्हणून काम अडते, काळे मांजर अशुभ असते, या गोष्टी आपल्या घरांतून कधीच जायला हव्या होत्या. मांजराच्या केसाने क्षय होतो हीही समजूत खोटी. क्षय रोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो. मात्र काही जणांना मांजराच्या कोंड्याची आणि लाळेची ॲलर्जी असते आणि त्यांचा दमा बळावतो, हे खरे आहे. घरात दमेकरी असेल तर मांजर ओट्यावर, पडवीत ठेवावे. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये, दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढावी. मांजरालाही पिसाळी होते. म्हणून अनोळखी मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर हळद, चुना, तिखट असले काही लावू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. अंधश्रद्धा टाकायची आणि खरी काळजी घ्यायची, दोन्ही बरोबरच चालायला हवे.

टाकलेल्या मांजरांचे मूळ दुखणे वेगळेच आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते. एका वेताला तीन-चार पिल्ले, वर्षाला दोन-तीन वेते. एवढी तोंडे कोण भरणार? मग कोणी तरी पिल्ले पोत्यात घालतो आणि मासळी बाजारात, पुलाखाली नाही तर दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येतो. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठावरच्या राजापुरात पुराचे पाणी जवाहर चौकात शिरणे कोणाला नवे नाही. पावसाळ्यात नदीकाठी सोडलेल्या पिल्लाचे काय होत असेल, ते सांगायला नको. आई इकडे चार-चार दिवस ओरडत हिंडते.

उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या वेळेचा दंड अवघा दहा ते पन्नास रुपये ठेवला होता. दंडाच्या भीतीने हे थांबेल असे म्हणता येत नाही. पोते बांधणारा माणूसही दुष्टच असतो असे नव्हे, बहुतेक वेळा त्याला दुसरा उपाय माहीत नसतो. तो उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास भाटीची नसबंदी केली की पुढचा सारा प्रश्न मिटतो. बोक्याची केली तर त्याच्या मारामाऱ्या आणि जागोजाग फवारणे कमी होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी आणि खर्च येणार असेल तर चार घरांनी मिळून तो वाटून घ्यावा. मांजर वाडीत चार घरी जेवते, तेव्हा खर्चही चार घरांचा.

मुंबईत राहणाऱ्यांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेलच. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत १८७४ साली स्थापन झाली आणि १९ व्या शतकातच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय उभे राहिले. तेव्हा ओझी ओढणाऱ्या बैलांची आणि गाड्यांच्या घोड्यांची फार दैना होती, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिले. आता तेथे कुत्री-मांजरेही उपचाराला येतात. त्याच्याही फार पूर्वी, इसवी सनापूर्वी ३ ऱ्या शतकात, सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या, अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे कोरून ठेवले. पंचशीलातले पहिले शील आपण दर वंदनेला घेतो. पोत्याचे तोंड बांधताना त्याची आठवण झाली तरी पुरे.

आता पुन्हा आजीकडे येऊ. वाडीत आज कितीतरी घरे बंद आहेत आणि उघड्या घरांतून बहुधा म्हातारी माणसेच उरली आहेत. एकेका आजीच्या ओट्यावर तिचे एक आणि शेजारच्या तीन बंद घरांची तीन, अशी मांजरे जमतात. निराधार योजनेच्या नाही तर श्रावणबाळच्या पैशांत ती स्वतःचे औषधपाणी भागवते आणि त्यातूनच मासळीवालीकडून या चौघांसाठी डोकी घेते. तिला मांजरांची सोबत हवी असते, हे आम्ही नाकारत नाही. दिवसभर बोलायला दुसरे असते कोण? पण माया आपल्या मुलांनी लावायची आणि खर्च तिने करायचा, ही वाटणी बरोबर नाही.

म्हणून येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा चार गोष्टी कराव्यात. मुलांनी पिल्लू आणले तर पहिल्याच दिवशी त्यांना सांगावे की जाताना त्याची सोय लावणे हे तुमचे काम आहे. दोन महिन्यांच्या आतले पिल्लू बंद घराच्या ओट्यावर मुळीच सोडू नये, ते पहिल्या पावसातच मरते. मोठे मांजर ठेवून जायचे असेल तर त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. ते कोणाकडे जेवेल हे त्या घरी जाऊन, विचारून ठरवावे. आणि घरी पैसे पाठवता त्यात थोडे मांजराच्या मासळीचे म्हणून वेगळे पाठवावेत. रक्कम मोठी नसली तरी चालेल.

फोन कराल तेव्हा मुलांना मनीची चौकशी करू द्यावी. आजी मनीबद्दल भरभरून सांगेल. त्यानंतर तिचे स्वतःचे गुडघे कसे आहेत, औषध आणले का, कौले कुठे गळतात का, हेही विचारावे. मनीसाठी केलेल्या फोनवर आईची विचारपूस झाली, तर त्या मुक्या जिवाचे आपल्या घरावर उपकारच म्हणायचे.