चौकातील पंचांग आणि हॉटेलातील संगणक

युनेस्कोने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी लखनौला पाककलेची सर्जनशील नगरी म्हणून मान्यता दिली. या सन्मानात जुन्या चौकाचा वाटा मोठा आहे. १९०५ पासूनची टुंडे कबाबीची परंपरा, सकाळची निहारी आणि कुलचा, हिवाळ्यात गोल दरवाज्यापाशी मिळणारी मक्खन मलाई ही त्याची ओळख. आता पाहुणे वाढतील, हे सांगायला तज्ज्ञ नको. ते कोणत्या दिवशी किती वाढतील आणि त्यांच्या खोल्या आवरायला किती हात लागतील, हा मात्र गणिताचा प्रश्न आहे.

हे गणित जुने आहे. १९५४ साली लेस्ली एडी यांनी न्यूयॉर्कच्या टोलनाक्यांवरील रांगांचा अभ्यास करून कोणत्या वेळी किती माणसे बसवावीत, हे ठरवण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी जॉर्ज डँटझिग यांनी पाळ्यांचे हे कोडे रेषीय समीकरणांत बसवून दाखवले. पुढे १९५७ मध्ये चार्ल्स होल्ट आणि १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी मागील आकड्यांतून कल आणि हंगाम वेगळे काढण्याची रीत दिली. मोठ्या हॉटेलांतील मनुष्यबळ नियोजनाच्या प्रणालींत याच विचारांचे वंशज काम करतात.

परंतु गणित सुरू होण्यापूर्वी कोणीतरी प्रणालीत हॉटेलची माहिती भरतो : खोल्या किती, विभाग कोणते, एका खोलीला किती मिनिटे, वर्षातील विशेष दिवस कोणते. या कामाला कारकुनी समजले जाते. प्रत्यक्षात सर्वांत गंभीर निर्णय येथेच होतात.

एक उदाहरण घ्यावे. १०० खोल्यांच्या हॉटेलात ८० खोल्या भरल्या आहेत. एका खोलीला ३० मिनिटे धरली, तर २४०० मिनिटे, म्हणजे ४० तास होतात. आठ तासांच्या पाळीत पाच माणसे लागतात. आता कोणी ३० ऐवजी २४ मिनिटे भरली, तर काम ३२ तासांचे दिसते आणि प्रणाली चारच माणसे बोलावते. खोल्या तितक्याच, धूळही तितकीच. प्रत्येकाच्या वाट्याला २० खोल्या, म्हणजे दहा तासांचे काम येते. अहवालात खर्च घटलेला दिसतो. वाढलेले दोन तास कामगाराच्या कंबरेत जमा होतात. संगणकाने येथे चूक केलेली नसते. त्याने भागाकार अचूक केलेला असतो.

दुसरी मेख दिनदर्शिकेची. बारा महिन्यांचा हंगाम गृहीत धरणाऱ्या प्रणालीला गतवर्षीची तीच तारीख मार्गदर्शक वाटते. लखनौ मात्र एकाच वेळी अनेक पंचांगांवर चालते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान आणि मोहरम दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. रमजानात चौकाची वर्दळ इफ्तारनंतर रात्रीकडे वळते. मोहरमात रस्त्यांची लय बदलते. ज्येष्ठातले मंगळवार लखनौत ‘बडा मंगल’ म्हणून साजरे होतात आणि ठिकठिकाणी भंडारे लागतात. एरवी ते चार किंवा पाच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आठ. अधिक मास कोणत्याही मराठी घराला ठाऊक असतो. प्रणालीला तो सांगावा लागतो. तो सांगण्याची जबाबदारी दूरच्या शहरातील तंत्रज्ञाकडे असेल, तर भाकित कागदावर सुबक आणि चौकात निरुपयोगी ठरेल.

व्यवस्थापकांची बाजूही खोटी नाही. रिकाम्या खोलीचे उत्पन्न दुसऱ्या दिवशी मिळत नाही, आणि रिकामे बसलेले मनुष्यबळ परवडत नाही. पण शेवटच्या क्षणी पाळी बदलणे म्हणजे काटकसर, हा समज तपासला गेला आहे. अमेरिकेत गॅप कंपनीच्या दुकानांत झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कामाच्या वेळा अधिक स्थिर केल्यावर विक्री सुमारे ७ टक्के आणि श्रमाची उत्पादकता ५ टक्के वाढली. कपड्यांचे दुकान म्हणजे हॉटेल नव्हे, हे मान्य. तरी आपल्याकडे असा प्रयोग करून पाहण्यास हे कारण पुरेसे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी दिवसाची मर्यादा आठ तासांची ठेवली आहे. जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर लागतो. परंतु संहिता तास मोजते, मिनिटांचे मानक मोजत नाही. ‘तुझ्या वाट्याच्या वीस खोल्या संपल्या नाहीत, हा तुझा संथपणा’ असे म्हटले की जादा काम नोंदलेच जात नाही.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. खोलीमागची मिनिटे प्रत्यक्ष मोजून ठरवावीत, आणि मोजताना काम करणारी माणसे सोबत असावीत. विशेष दिवसांची यादी स्थानिक माणसाच्या हाती असावी आणि दरवर्षी नव्याने तपासली जावी. भाकित किती चुकले, हे दर आठवड्याला व्यवस्थापकाइतकेच कामगारालाही दिसावे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नवे नाही. उपकरण वापरण्यापूर्वी त्याचे अंशांकन करतात. चुकीच्या शून्यावर घेतलेले वाचन कितीही दशांशांपर्यंत लिहिले तरी चुकीचेच. प्रयोगशाळेत ती चूक वहीत राहते. हॉटेलात ती चूक कोणाला तरी रोज दोन तास उशिरा घरी पाठवते.