भूतदया आणि स्वदेशी विज्ञान

औषध माणसाच्या हाती पडण्यापूर्वी त्याची परीक्षा मुक्या जिवांवर होते. हे वास्तव क्लेशकारक असले, तरी ते नाकारता येत नाही. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा ‘आयसर’ यांसारख्या संस्थांतही उंदरांवर संशोधन चालते. प्रश्न इतकाच, की या जिवांचे ऋण आपण किती विवेकाने घेतो? लहान प्राण्यांसाठी बनविलेले एमआरआय यंत्र या प्रश्नाचे एक उत्तर देते आणि त्याच वेळी दुसरा प्रश्न उभा करते.

मेंदूतील गाठ कशी वाढते हे पाहण्यासाठी जुन्या पद्धतीत ठरावीक दिवसांनी काही उंदीर मारून तपासावे लागत. पाच टप्प्यांसाठी प्रत्येकी आठ, म्हणजे चाळीस जीव. एमआरआयमुळे त्याच आठ उंदरांना भूल देऊन पाचही वेळा तपासता येते. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रयोगांतील प्राण्यांची संख्या घटविण्याचे तत्त्व मांडले. भारताने १९६० साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा कायदा केला. परंतु पांजरपोळ उभारणाऱ्या या समाजाला भूतदया कायद्याने शिकवावी लागली नव्हती. आता तिला यंत्राची जोड हवी.

ही जोड सहजसाध्य नाही. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. रुग्णालयातील यंत्र साधारण एक मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखविते. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जावे लागते. बाजू दहापट लहान झाली की घनफळ हजारपट घटते आणि तेथून येणारा संकेतही तितकाच क्षीण होतो. म्हणून रुग्णालयात १.५ किंवा ३ टेस्लाचे चुंबक पुरते, तर येथे ७ वा ९.४ टेस्लाचे लागते. त्यासाठी अतिवाहक तारांची वेटोळी सहसा द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवली जातात. अशी यंत्रे आपल्या प्रयोगशाळा मुख्यत्वे परदेशी कंपन्यांकडूनच विकत घेत आल्या आहेत. जीव आपले, संशोधक आपले. यंत्र मात्र परके!

पुण्याने या परावलंबनावर समाधान मानावे काय? अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ साली येथेच ‘सी-डॅक’ स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी राहिली. दूरच्या विश्वातील हायड्रोजनचे क्षीण रेडिओ संकेत टिपणे हा तिचा एक प्रमुख हेतू. एमआरआय यंत्रही शरीरातील हायड्रोजनचेच रेडिओ संकेत ऐकते. ७ टेस्लाच्या चुंबकात ते सुमारे ३०० मेगाहर्ट्झवर येतात. खोडदची दुर्बीण त्या पट्ट्यातील लहरीही टिपते. ज्यांनी आकाशातील हायड्रोजन ऐकला, त्यांच्या भूमीला उंदराच्या मेंदूतील हायड्रोजन अगम्य का वाटावा?

बंगळुरूच्या ‘व्हॉक्सेलग्रिड्स’ने १.५ टेस्लाचे स्वदेशी एमआरआय यंत्र घडविले. २०२३ साली त्याचे लोकार्पणही झाले. पुढचे पाऊल पुण्याचे असावे. बलाढ्य चुंबक एका दिवसात होणार नाही. परंतु संकेत टिपणारी कॉइल, भूल दिलेल्या प्राण्याला ऊब देणारी शय्या आणि चित्र उभारणारी संगणक प्रणाली येथे निश्चित घडू शकते. संशोधन संस्थांनी आपली गरज सांगावी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, भोसरी-चाकणच्या उद्योजकांनी ती घडवावी आणि शासनाने खरेदीत तिला न्याय द्यावा. महागडे यंत्र एका संस्थेच्या दाराआड न राहता सर्व संशोधकांना खुले असावे. भूतदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने ती प्रयोगशाळेतही स्वतःच्या हातांनी घडविलेल्या यंत्रांतून सिद्ध केली पाहिजे.