राजा गेला, राजाचे कवच उरले

नोकरी पत्करणारा कामगार सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाचा धोकाही पत्करतो, सबब त्या हलगर्जीपणाने तो दगावल्यास मालक जबाबदार नाही, असा इंग्लिश कॉमन लॉचा एक दंडक होता. १८३७ साली इंग्लंडात एका खाटकाच्या नोकराच्या दाव्यातून निघालेला हा नियम कारखानदारांच्या चांगलाच पथ्यावर पडला. बरोबर शंभर वर्षांनी तो नागपूर उच्च न्यायालयापुढे आला. सहकाऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू पावलेल्या रेल्वे कामगाराच्या विधवेचा तो दावा होता. मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन यांनी नियम आंधळेपणाने स्वीकारला नाही. इंग्लंडने स्वतःच कायदा करून तो किती छाटला आहे हे पाहावे आणि न्याय, समता व सदसद्विवेक यांच्या कसोटीवर तो घासावा, अशी त्यांची भूमिका होती. तरीही तो निकालात काढण्यास १९५१ ची कायदादुरुस्ती लागली.

संविधानाच्या ३७२ व्या अनुच्छेदाने जुना कायदा चालू ठेवला, तो संविधानाच्या अधीन आणि विधिमंडळ बदल करीपर्यंत. ती सोय होती. कायमचा पट्टा नव्हे. परंतु राज्यकर्त्यांना सोयीचा वारसा सोडवत नाही. ३०० व्या अनुच्छेदानुसार शासनाच्या जबाबदारीचे माप आजही ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापर्यंत मागे जाते. १९४७ साली मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचे सोने जप्त केले. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तरी अटक व जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली शासनाला मोकळे सोडले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनाही ही स्थिती समाधानकारक वाटली नाही. विधिमंडळांनी कायदा करावा, असे त्यांनीच सुचविले. विधि आयोगाने तर १९५६ सालीच तसे सांगितले होते. १९६५ व १९६७ साली विधेयके आली. कायदा झाला नाही. इंग्लंडने मात्र आपल्या राजसत्तेचे हे कवच १९४७ सालीच बव्हंशी उतरवले!

१९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालासारख्या निकालांतून न्यायालये मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल भरपाई देतात, हे खरे. परंतु उच्च न्यायालयापर्यंत पोचण्याची ऐपत कोणाची? कोठडीत मेलेल्या मजुराच्या विधवेला कृपा नको. तालुक्याच्या न्यायालयात मागता येईल असा लिखित हक्क हवा. प्रजासत्ताकात सार्वभौम प्रजा आहे. तिच्याविरुद्ध तिच्याच नावाचे कवच वापरणे हा वारसा नव्हे, गुलामीची थकबाकी आहे. शासनाच्या जबाबदारीचा कायदा ही मागणी कामगार चळवळीने वकिलांवर न सोपवता स्वतः हाती घेतली पाहिजे.