आयता भूतकाळ

सप्टेंबर २०२५ मध्ये देशातील असंख्य मोबाईल फोनांच्या पडद्यांवर एक जुना काळ अवतरला. स्वतःचे एखादे साधे छायाचित्र यंत्राला द्यावयाचे, सोबत चार-पाच ओळींची सूचना लिहावयाची. नव्वदच्या दशकातील चित्रपटाची धाटणी, शिफॉनची साडी, केसांत फूल, भिंतीवर मावळतीचा सोनेरी कवडसा, जुन्या फिल्मवर दिसे तशी कणीदार छटा. आणि काही क्षणांत त्या काळाची नायिका होऊन बाहेर पडावयाचे. गूगल कंपनीने त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर आपल्या ‘जेमिनी’ या प्रणालीत हे चित्रे घडविणारे यंत्र आणले होते. ‘नॅनो बनाना’ या गमतीदार टोपणनावाने ते घरोघर पोहोचले. मौज अशी, की कल्पनाशक्तीचा विलास म्हणून मिरविले गेलेले हे काम बहुतेकांनी दुसऱ्याची सूचना जशीच्या तशी उतरवून केले. त्यामुळे वाशीतील मुलीच्या आणि वाराणसीतील मुलीच्या पाठीमागे एकच भिंत आणि एकच संध्याकाळ आली.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. सामान्य माणसाच्या आनंदाकडे मास्तरी नजरेने पाहण्याची पुरोगामी मंडळींची खोड जुनी आहे. ती येथे नको. ज्या घरात आजीचे एकुलते एक छायाचित्र निवडणूक ओळखपत्रावरचे असते, त्या घरातील नातीने तिला चांगल्या साडीत आणि चांगल्या उजेडात बसवून पाहावे, यात हसण्यासारखे काय आहे? कॅमेरा ही दीर्घकाळ पैसेवाल्यांची चैन होती. ती आज फुकट मिळत असेल तर सर्वांनी खुशाल घ्यावी. मात्र ती खरोखरच फुकट आहे काय, आणि जो भूतकाळ तिच्यातून हाती पडतो तो नेमका कोणाचा, हे विचारणे भाग आहे.

यंत्राला ना साडी ठाऊक, ना संध्याकाळ. अशा अनेक यंत्रांना शिकविण्याची रीत ढोबळमानाने पुढीलप्रमाणे असते. अगणित चित्रे आणि त्यांची वर्णने गोळा करावयाची, त्या चित्रांत थोडाथोडा धुरळा मिसळीत ती पार दिसेनाशी करावयाची, आणि तो धुरळा उलट क्रमाने कसा निवळावा हे यंत्राकडून गिरवून घ्यावयाचे. पुढे कोणी ‘जुन्या वळणाची साडी’ असे लिहिले, की ते शब्द पूर्वी ज्या चित्रांशी जोडले गेले होते त्यांच्या अंगाने यंत्र नुसत्या धुरळ्यातून नवे चित्र निवळीत आणते. २०२२ मध्ये जर्मनीतील ‘लायन’ या संस्थेने इंटरनेटवरून जमविलेली अशी एक जंत्री खुली केली; तिच्यात चित्र व वर्णन यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. बड्या कंपन्या आपापल्या जंत्र्या अशा उघड करीत नाहीत. ही चित्रे ज्यांनी काढली त्यांना सरसकट कोणी विचारले, असे मात्र त्यांनाही म्हणता येणार नाही.

‘जुने वळण’ म्हणून आज जे एका शब्दात मागता येते, ते मुळात कोणाच्या तरी श्रमाने घडले आहे. रस्त्यावरचे सिनेमाचे फलक शिडीवर चढून हाताने रंगविणारे कारागीर मुंबईत होते. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात हेच काम केले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांसारखा निर्माता आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत असे. गावोगावच्या स्टुडिओंत पडद्यावर बाग रंगवून तिच्यापुढे नवपरिणितांना उभे करणारे, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे व्रण पुसणारे हात होते. ज्या कणीदारपणाची आज हौस वाटते तो फिल्मवरील चांदीच्या क्षारांचा गुण, आणि ज्या तांबूस-पिवळ्या छटेला लोक भुलतात ती रंगीत प्रतींतील रंगद्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत म्हणून पडलेली. या देशात फिल्म बनविण्यासाठी उटकमंड येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. तिच्या ‘इंदू’ फिल्मवर कित्येक कुटुंबांच्या आठवणी उमटल्या. तो कारखाना बंद पडला, फलक रंगविणाऱ्यांच्या पोटावर फ्लेक्सच्या छपाईने पाय दिला, स्टुडिओवाल्यांना मोबाईलने घरी बसविले. आता त्यांच्या कामाची नुसती छटा उरली आहे आणि ती दुसऱ्याच्या मालकीची झाली आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यानेही चित्रे घाऊक काढली आणि घरोघरी नेली हे खरे. पण त्या चित्रांवर चित्रकाराचे नाव असे आणि ती छापणारे कामगार वेतन घेत.

यातला दुसरा दोष अधिक खोल आहे. यंत्र जे देते ते शिल्लक राहिलेल्या चित्रांच्या सरासरीतून येते, आणि चित्रे शिल्लक राहतात ती ज्यांच्याकडे कॅमेरा होता, कपाट होते, पुढे संगणक आला, त्यांची. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी १८ जानेवारी १९८२ पासून संप केला. त्यांच्या खोल्यांतून घडी केलेल्या साड्या होत्या, उपाशी मुले होती, गावी परत जाणारी कुटुंबे होती. त्यांचे अल्बम नव्हते. ‘ऐंशीच्या दशकातील मुंबई’ असे नुसते लिहिणाऱ्याला पद्मिनी टॅक्सी मिळेल, दुमजली बस मिळेल, पावसाने चमकणारा रस्ता मिळेल. संप हवा असेल तर त्याला तो आधी ठाऊक असावा लागेल.

नवी मुंबईत ही गोष्ट अधिकच बोचते, कारण या शहराला लोक जुने मानीतच नाहीत. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या भूतकाळावर हे शहर उभे आहे. १९८४ च्या १६ व १७ जानेवारीला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले. साडीच्या चित्रांची लाट ओसरते न ओसरते तोच, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी गावे मूळ जागेवरून उठली. त्या अंगणांची, त्या देवळांची, त्या टेकडीची जी छायाचित्रे कोणाच्या ट्रंकेत असतील, तेवढेच त्यांचे दृश्य रूप आता उरले आहे. कोणत्याही सूचनेने ते परत घडविता येणार नाही. घडेल ते कोठल्याही खेड्याचे चित्र असेल.

आणि येथे छायाचित्र ही नुसती आठवण नसते. प्रकल्पग्रस्तांनी गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. घर केव्हाचे, कोणाचे, गावठाण कोठवर होते, हेच त्या वादाचे मर्म. अशा वेळी एखाद्या लग्नाच्या मांडवातील पिवळ्या पडलेल्या छायाचित्रात मागे दिसणारी कौलारू भिंत काहीएक सांगत असते. आता तशी भिंत, तसा पिवळेपणा आणि कोपऱ्यातली तशी तारीख कोणालाही दोन ओळींत मागविता येते. यातून खोटे पुरावे तयार होतील, ही भीती आहेच. पण त्याहून मोठे भय उलट बाजूचे आहे. ज्याच्यापाशी खरे छायाचित्र आहे त्यालाही उद्या कचेरीत विचारले जाईल, ‘हे यंत्राचे नाही कशावरून?’ बिल्डरपाशी नकाशे, सातबारे आणि वकील असतात. गरिबापाशी पुष्कळदा एवढा कागदच असतो. तो संशयित ठरला तर नुकसान कोणाचे होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्र लागत नाही. कृत्रिम चित्रांवर तशी खूण असावी, असे केंद्र सरकारचे नियम फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झाले ते योग्यच झाले. परंतु पडद्यावरची खूण कापून टाकून कागदावर प्रत काढली की त्या नियमाचे हात तेथे पोहोचत नाहीत.

ऐंशीच्या दशकात बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाशी झुंज घेतली, पुढे वाटाघाटी केल्या. त्यांची टिंगल आजही होते. त्यांनी यंत्राची ताकद ओळखण्यात उशीर केला असेल, पण नव्या यंत्राच्या लाभात कामगाराचा वाटा किती, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. निदान त्यांच्यापाशी संघटना होती आणि मालक समोर बसलेला होता. स्टुडिओवाला आणि फलक रंगविणारा यांचे श्रम वापरले गेले ते कोणत्याही हजेरीपटावर नाव न चढता. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने एक कार्यपत्रिका काढली. यंत्राच्या शिक्षणासाठी साहित्य वापरण्याची कंपन्यांना सरसकट मुभा द्यावी, मात्र त्याबद्दल रॉयल्टी घ्यावी आणि ती मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटावी, अशी तिची सूचना आहे. निर्मात्याला नकाराचा अधिकार नाही, ही तिच्यातली उणीव लहान नव्हे. तरीही दिशा विचार करण्यासारखी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, की जो करारातही लिहून देता येत नाही. पण वाटप कसे होणार? हक्कांची नोंद ज्यांच्यापाशी आहे त्या चित्रपट कंपन्या आणि मोठी प्रकाशने रांगेत पुढे असतील. उरणच्या किंवा पनवेलच्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या वारसांचे नाव कोणत्या यादीत सापडेल?

या साऱ्या व्यवहाराचे एक टोक नवी मुंबईतच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून रसायनांचे कारखाने उभे राहिले. आज त्याच ऐरोली, रबाळे, महापे परिसरात डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. एखादे चित्र नेमके कोणत्या देशातील इमारतीत घडले हे मागणाऱ्याला कळत नाही. पण अशा यंत्रांना वीज आणि थंडावा लागतो तो कोठल्या तरी जमिनीवर, कोठल्या तरी धरणाच्या आणि वीजकेंद्राच्या जिवावर. कारखान्यांनी खाडी नासविली, तरी पाळ्या सुटताना फाटकातून माणसे बाहेर पडत. या नव्या इमारतींच्या फाटकाशी मुख्यतः पहारेकरी दिसतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या नातवंडांना त्यांत कोणते काम मिळाले, याचा हिशेब एकदा सिडकोकडे आणि महामंडळाकडे मागावयास हवा.

रॉयल्टीचा निधी उभा राहिलाच, तर ज्या चित्रांचा धनी सापडत नाही त्यांचा वाटा कंपन्यांकडे परत न जाता स्थानिक संग्रहांना मिळावा, अशी मागणी आताच नोंदविली पाहिजे. पण त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. ९५ गावांतील घरोघरच्या ट्रंका उघडून मूळ प्रती आणि विशेषतः निगेटिव्ह गोळा करणे, कागदाच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, साल, चित्रातील माणसांची नावे आणि जागा वृद्धांना विचारून लिहून घेणे, प्रत मालकाला परत देऊन नक्कल ग्रंथालयात ठेवणे, हे काम कार्यकर्त्यांच्या चार-पाच तुकड्या करू शकतात. सरासरीत कधीच न सापडणारी चित्रे तेथेच आहेत. महापालिकेने एखादी खोली आणि एक कपाट द्यावे, एवढेच तिच्याकडे मागणे. खाडीकाठच्या दमट हवेत फिल्मला बुरशी फार लवकर लागते, तेव्हा सुरुवात येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावी. आणि ती विमानतळाखाली गेलेल्या गावांपासून व्हावी, कारण तेथील माणसे आता निरनिराळ्या वसाहतींत विखुरली आहेत आणि त्यांच्यातील जाणती पिढी वयाने थकत चालली आहे.